न झालेल्या पेपरविषयी

पाटण तालुका, जि. सातारा
रविवार, 17 जानेवारी 2021

चि. माईस अनेक उत्तम आशीर्वाद.

तिळगुळाचा डबा शुक्रवारच्या एस.टी.ने पाठवला आहे, तो आत्याकडे पोहोचला असेल. परवाच्या ग्रामपंचायत निवडणुकीच्या ड्यूटीमुळे अजून अंग आंबले आहे, त्यामुळे अक्षर बिघडल्यास समजून घे. फोनवर तू सांगितलेस, की कॉलेजात कोणीतरी तुमच्या वर्गाला ‘कोरोना बॅच’ म्हणाले आणि सगळे हसले, तेव्हा मी ‘लक्ष देऊ नकोस’ एवढेच म्हणालो. ते उत्तर मलाच पुरेसे वाटले नाही. फोनवर मला नीट बोलता येत नाही, हे तुला ठाऊकच आहे, म्हणून लिहितो.

23 मार्चचा भूगोलाचा पेपर झाला नाही, ही तुझ्यापेक्षा माझी खंत अधिक आहे. पंचवीस वर्षे हा विषय शिकवणाऱ्या माणसाच्या घरातली मुलगी दहावीला बसते आणि नेमका त्याच विषयाचा पेपर आधी पुढे ढकलला जातो, मग रद्द होतो, याला काय म्हणावे! भारत आणि ब्राझील यांचे कोरे नकाशे तू स्टेन्सिलने आखून, पेन्सिलला टोक काढून, पंचविसेक वेळा भरले होतेस. आम्ही वर्षभर ज्या दोन देशांची तुलना करायला शिकवले, त्या दोन देशांची नावे पुढे रुग्णसंख्येच्या यादीत रोज शेजारी शेजारी वाचावी लागली. बाकीच्या विषयांच्या सरासरीवरून तुला 40 पैकी 36 गुण दिले गेले. ते तुला फुकटचे वाटतात, पण उरलेले सगळे पेपर तू स्वतःच्या हाताने लिहिलेस, आणि सरासरी त्यांचीच निघाली आहे, हे त्या हसणाऱ्यांना सांग.

पण मला खरे तर दुसऱ्याच गोष्टीविषयी लिहायचे आहे, आणि ती मी आठ महिने टाळली.

मे महिन्यात वाशीचा बाजार बंद झाला आणि तुझे काका भाजीच्या रिकाम्या टेम्पोतून गावाकडे निघाले, त्या दिवशी तालुक्याच्या हद्दीवरच्या नाक्यावर माझी ड्यूटी होती. गावोगावी रस्त्यावर बाभळीच्या फांद्या टाकलेल्या होत्या, मुंबईहून येणाऱ्याकडे लोक चोरासारखे पाहत होते, आणि आम्हा शिक्षकांच्या हाती एक रजिस्टर आणि एक थर्मल गन दिलेली होती. सकाळीच आजीने मला बजावले होते, की त्याला अडवू नको, रानातल्या वाटेने रात्री घरी येऊ दे, कोणाला कळणार आहे? आजीचे वय चौऱ्याहत्तर, त्यात साखर. मी काही बोललो नाही.

टेम्पो आला. काका उतरून टेबलासमोर उभे राहिले. मी मान वर केली नाही. रजिस्टरात पुढची ओळ आखली आणि विचारले, “नाव?” काकांनी नाव सांगितले, स्वतःचे, मग आमच्या वडिलांचे, मग आडनाव, एखाद्या परक्या साहेबाला सांगावे तसे, आणि मी ते तिन्ही शब्द लिहून घेतले. कोठून आलात, वाहन क्रमांक, ताप. त्यांच्या डाव्या हातावर शाईचा शिक्का मारताना माझा हात थरथरला आणि तारीख पुसट उमटली, तेव्हा काकाच हळू आवाजात म्हणाले, “पुन्हा मार, नाहीतर तुला विचारतील.” परवा मतदान केंद्रावर लोकांच्या बोटांना शाई लावताना तोच वास आला आणि काही क्षण मला यादीतले नाव सापडेना.

काकांना चौदा दिवस शाळेत ठेवले, तेही माझ्याच आठवी ‘ब’च्या वर्गात. तू चार दिवस माझ्याशी बोलली नाहीस. त्यांना घरी येऊ दिले नाही, याबद्दल मी आजही माफी मागणार नाही, कारण तो निर्णय बरोबरच होता आणि पुन्हा वेळ आली तरी मी तोच घेईन. परंतु नियम पाळणे आणि मान खाली घालून बसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या चौदा दिवसांत संध्याकाळी एकदाही मी शाळेच्या फाटकापाशी जाऊन भावाला हाक मारली नाही. तू मात्र रोज दोन वेळा भाकरीचा डबा फाटकाच्या आत ठेवून दहा पावले मागे सरायचीस, आणि काका डबा उचलेपर्यंत तिथेच उभी राहून त्यांच्याशी मोठ्याने गप्पा मारायचीस. ओढ्याच्या पुलावरून मला तुमचे आवाज ऐकू येत. मी तिथूनच परत फिरत असे. हे तुला आज प्रथमच सांगतो आहे.

आजीची वारीही त्या वर्षी चुकली. 30 जूनला ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एस.टी.तून पंढरपूरला निघाल्या, त्या तिने दूरदर्शनसमोर बसून पाहिल्या आणि पदर पुढे करून पडद्याला नमस्कार केला. लोणंदला दरवर्षी दिंडीत जाणारी बाई घरात बसते म्हणजे काय, ते घरातल्यांनाच कळते.

मंगळवारी पहाटे लसीचे ट्रक पूजा करून बाहेर पडले, हे तू आत्याच्या घरून किती उत्साहाने सांगत होतीस! काल देशभर लसीकरण सुरू झाले आणि आत्याचे नाव रुग्णालयाच्या यादीत आले, हे ऐकून आजीने देवापुढे साखर ठेवली. माझ्यातला शिक्षक गप्प बसत नाही, म्हणून एक सांगतो. तू राहतेस त्या हडपसरजवळच्याच ससाणे माळावर 1897 च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंतरावांनी दवाखाना उभारला होता, आणि तिथे रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाईंना त्याच रोगाने गाठले. 10 मार्चला त्या गेल्या. त्याच वर्षी जानेवारीत शास्त्रज्ञ हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. गेल्या वर्षी राज्यातले पहिले रुग्ण पुण्यातच 9 मार्चला सापडले, आणि आता लसही त्याच हडपसरच्या बाजूने निघाली. रोग गेला असे मी म्हणणार नाही, आणि तूही मास्क काढू नकोस. मात्र मे महिन्यात आमच्या हाती फक्त रजिस्टर होते, आज आत्याच्या हाती सिरिंज आहे, एवढा फरक मला पुरेसा वाटतो.

आता शाळेचे. नववी-दहावीचे वर्ग नोव्हेंबरपासून भरत आहेत, आणि 27 तारखेला पाचवी ते आठवीची मुले येणार आहेत. दहा महिन्यांनंतर! पाचवीतल्या मुलांनी तर आमच्या शाळेची इमारत आतून पाहिलेलीच नाही. बाके अंतरावर मांडून झाली, हौदाला दोन नळ जास्त बसवले. फक्त आठवी ‘ब’ची खोली राहिली आहे. काकांनी तिथल्या फळ्याच्या कोपऱ्यात दिवस मोजायला खडूने मारलेल्या चौदा रेघा अजून तशाच आहेत, सातव्या रेघेशेजारी एक छोटी भाकरीही काढलेली आहे. शिपाईमामा ओले फडके घेऊन आले होते, मी त्यांना थांबवले.

शनिवारी 23 तारखेला काका वाशीहून येत आहेत. तूही दुपारच्या गाडीने ये, सव्वीसचे झेंडावंदन करून परत जाशील. फळा तू पुसायचा की काकांनी, ते तुम्ही दोघे ठरवा. मी बादली भरून ठेवतो, आणि या वेळी फाटकाच्या आत तुमच्याबरोबर येतो.

आत्यास नमस्कार सांग. आजी विचारते, डब्यातल्या वड्या कडक झाल्या नाहीत ना?

तुझे,
बाबा