गुन्हा दाखल झाल्याची बातमी छापता, निकालाची पण छापा

मा. संपादक साहेब, नमस्कार.

'सरकारी कामात अडथळा, चौघांवर गुन्हा' अशी बातमी तुमच्या पेपरात वरचेवर असते, नाव गाव वय सगळं देऊन. मी सांगलीत कोर्टाच्या बाहेर टायपिंगचं टेबल लावून बसतो, बावीस वर्षं झाली, आता टेबल विजयनगरला असतं. या बातम्यांमधली माणसं पुढं पाच पाच सात सात वर्षं माझ्या टेबलासमोरून तारखेला येताना जाताना मी बघतो, पण त्यांचं शेवटी काय झालं ते तुमच्याच काय, कुठल्याच पेपरात मी आजवर वाचलेलं नाही. म्हणून हे पत्र लिहितोय.

माझ्या सख्ख्या भाच्याचंच सांगतो. 2019 ची दिवाळी होती, पोरगं वीस वर्षांचं, पोलीस भरतीची तयारी चाललेली, रोज पहाटे ग्राउंडवर पळायला जायचं. मिरजेत नाकाबंदीत याच्या दोस्ताला अडवलं, त्याच्याकडं लायसन नव्हतं, बाचाबाची झाली आणि दोस्ताला कॉलर धरून गाडीकडं न्यायला लागले, तर यानं दुसऱ्या बाजूनं त्याचा हात धरला, 'कशाला नेताय ते तरी सांगा साहेब' म्हणून. ओढाओढीत हवालदाराच्या शर्टाचा खिसा फाटला. झालं, भारतीय दंड संहितेची 353 (सरकारी नोकरावर हल्ला किंवा बळाचा वापर), 225, 186 (सरकारी कामात अडथळा), सगळी कलमं लागली, चार दिवसांनी जामीन झाला. पोरानं हात धरायला नको होता हे मी त्याला तेव्हाही सांगितलं आणि आताही सांगतो. दुसऱ्याला अटक होताना आडवं आलं की 225, आपल्या स्वतःच्या अटकेला विरोध केला तर 224 (आता नवीन भारतीय न्याय संहितेत 262), हे बऱ्याच पोरांना माहीतच नसतं, त्यांना वाटतं आपण मित्राच्या बाजूनं उभं राहिलो.

पण खिसा फाटण्याची शिक्षा किती असावी? आपल्या राज्यानं 353 ची शिक्षा दोनाची पाच वर्षं केलेली आणि केस चालणार सेशन कोर्टात, म्हणजे जिथं खुनाच्या केसेस चालतात तिथंच या खिशाची पण. तारीख पडायची, कधी जजसाहेब रजेवर, कधी साक्षीदाराला समन्स पोचलेलं नाही, मधे कोरोना, आणि फिर्यादी हवालदाराची बदली झालेली, ते बिचारे लांबून यायचे आणि साक्ष न होताच परत जायचे, त्यांचे पण हालच की. शेवटी ज्या दिवशी मुद्देमाल उघडला त्या दिवशी मी आत जाऊन मागं उभा होतो. ब्राऊन कागदाचं पाकीट, लाखेचं सील फोडलं, आत घडी घातलेला खाकी शर्ट, पाच वर्षांत घडीवर पांढरट रेघ आलेली, आणि खिसा एका बाजूनं लोंबणारा, शिवण उसवली होती, कापड धड होतं. हवालदार शर्टाकडं बघत होते, भाचा खाली बघत होता. पंच म्हणाला मी फक्त सही केली, काय बघितलं नाही. चौकात कॅमेरा होता, त्याचं फुटेज तपासात कुणी घेतलंच नव्हतं. 2025 ला निकाल लागला, संशयाचा फायदा देऊन निर्दोष.

आता यात जिंकलं कोण सांगा. भाचा सव्वीस वर्षांचा झाला, भरतीच्या प्रत्येक फॉर्ममधे 'गुन्हा दाखल आहे का' या रकान्यापाशी येऊन थांबायचा. लपवावं तर 2016 ला अवतार सिंग केसमधे सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की माहिती दडवली तर नोकरी जाऊ शकते, आणि खरं लिहिलं तरी घ्यायचं का नाही ते खातंच ठरवणार. शेवटी त्यानं फॉर्म भरणंच सोडलं, आता एका गोडाऊनला सुपरवायझर आहे.

आणखी एक गोष्ट लोकांना कळायला पाहिजे. 1958 चा प्रोबेशनचा कायदा आहे, त्यात एकवीस वर्षांच्या आतल्या आरोपीला, गुन्हा फार मोठा नसेल तर, शक्यतो जेलमधे घालू नये, चांगल्या वर्तणुकीचं बाँड घेऊन सोडावं असं आहे. पण वय धरतात ते कोर्ट दोषी ठरवतं त्या दिवसाचं. म्हणजे गुन्हा विसाव्या वर्षी घडला आणि निकाल सव्विसाव्या वर्षी लागला तर ते खास संरक्षण गेलंच की, कोर्टाच्या मर्जीवरचं साधं प्रोबेशन तेवढं उरतं. उशीर कुणामुळं झाला आणि त्याचा फटका कुणाला बसला?

काहीजण कंटाळून सरळ गुन्हा कबूल करतात. दंड भरला, कोर्ट उठेपर्यंत बसून राहायची शिक्षा भोगली की संध्याकाळी घरी, सुटलो म्हणतात. पुढं चारित्र्य पडताळणीला ती दोषसिद्धी वर येते तेव्हा नक्कल काढायला माझ्याच टेबलावर येतात, आणि त्यांना तोवर कुणी सांगितलेलंच नसतं की प्रोबेशन मागितलं असतं तर त्याच कायद्याच्या कलम 12 प्रमाणं दोषसिद्धीमुळं येणारी अपात्रता लागली नसती.

मी पोलिसांच्या विरोधात नाही. आमच्या शेजारची ताई पोलीसात आहे, 2019 च्या महापुरात चार दिवस घरी आली नव्हती. तिनं गाडी अडवली म्हणून एकानं तिला खरोखर मारलं, मनगटाचं हाड मोडलं. ती केसपण सुटली, पंच फितूर. खिसा उसवणारा आणि हाड मोडणारा दोघं एकाच रांगेत उभे राहतात आणि दोघं सुटतात, कारण पुराव्याकडं कुणाचं लक्षच नसतं. 353 ला हल्ला किंवा बळाचा वापर लागतो, नुसती हुज्जत चालत नाही. बंगळूरच्या एका जोडप्यानं ट्रॅफिक पोलिसांच्या फेसबुक पेजवर तक्रार लिहिली तर त्यांच्यावर हेच कलम लावलेलं, 2015 ला सुप्रीम कोर्टानं ते रद्द केलं. आणि आपल्या सांगलीत 2017 ला कोठडीत तरुणाचा मृत्यू झाला, मृतदेह आंबोलीत नेऊन जाळल्याचं बाहेर आलं, त्यानंतर पोलीसानं कॉलर धरली की इथली पोरं घाबरतात, अंग झटकतात, हे पण साहेब लोकांनी समजून घ्यायला पाहिजे.

1 जुलै 2024 पासून नवीन संहिता आलीय, 353 च्या जागी 132, शिक्षा परत दोन वर्षांपर्यंत, पण जुन्या केसेस जुन्याच कलमांखाली अजून चालू आहेत आणि अशी पोरं रोज कोर्टाच्या पायऱ्यांवर बसलेली असतात.

माझं मागणं एवढंच आहे. ज्याचं नाव तुम्ही गुन्हा दाखल झाला म्हणून छापलं त्याचा निकाल लागला की तोही छापा, सुटला तर सुटला, शिक्षा झाली तर किती झाली आणि कशामुळं. तुमच्या वार्ताहराला आठवड्यातून एकदा कोर्टात पाठवा, चहा माझ्याकडं, कुठल्या कोर्टात काय लागलंय ते मी दाखवतो. भाच्याला विचारलंय, नाव छापायला त्याची हरकत नाही. निकालाची नक्कल सोमवारी तुमच्या ऑफिसला आणून देतो. 2019 ला भाच्यावर गुन्हा दाखल झाल्याची बातमी चार नंबरच्या पानावर वरच्या बाजूला आली होती, कात्रण माझ्या बहिणीनं अजून ठेवलंय.

आपला,
एक नियमित वाचक, विश्रामबाग, सांगली