एमबीए सीईटी पुन्हा देताना

महोदय,

एमबीए सीईटी दुसऱ्यांदा देणारे अनेक विद्यार्थी पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरुवात करतात आणि सराव चाचण्यांची संख्या वाढवतात. गुण मात्र वाढत नाहीत, कारण चुका त्याच राहतात. अडीच तासांची चाचणी दिली, की तिच्या तपासणीला किमान तेवढाच वेळ द्यावा. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे वहीत कारण लिहावे: संकल्पना कच्ची, आकडेमोड चुकली, प्रश्न नीट वाचला नाही, की वेळ संपला? आठवड्याने तोच प्रश्न उत्तर न पाहता सोडवावा. तेव्हाही अडला, तरच तो धडा उघडावा.

१५० मिनिटांत २०० प्रश्न, म्हणजे प्रश्नाला ४५ सेकंद. त्यातले ७५ तर्कक्षमतेचे. बैठकव्यवस्थेच्या (कोण कुठे बसले आहे, हे ओळखण्याच्या) एका प्रश्नसंचात आठ मिनिटे गेली, की पुढचे सोपे प्रश्न हातचे जातात. दोन मिनिटांत आकृती जमली नाही, तर निमूटपणे पुढे जावे.

शेवटची तीन मिनिटे उरलेल्या प्रश्नांचे पर्याय निवडायला राखावीत, कारण इथे चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. कॅटमध्ये, म्हणजे आयआयएमच्या प्रवेशपरीक्षेत, चुकीच्या पर्यायाला एक गुण जातो. ती सवय घेऊन आलेली मुले सीईटीतही प्रश्न कोरे सोडतात, याचे फार वाईट वाटते.

– एक मार्गदर्शक, पुणे