पिवळ्या रंगावरचा अंगठा

ताई,

समोर बोलले असते तर तुम्ही ‘चल, काहीतरीच तुझं’ म्हणून उठून गेला असतात. म्हणून लिहून टाकते.

जालन्याहून पुण्यात आलो तेव्हा लेक सव्वा वर्षाची होती. आधीच्या वस्तीतल्या अंगणवाडीत तीन चकरा मारल्या. ‘आधार गावचं आहे ना, मग गावाकडेच नाव लावा.’ तिसऱ्यांदा तर बाईंनी मोबाईलमधून मानसुद्धा वर केली नाही. पोरगी कडेवरून खिचडीच्या पातेल्याकडे बघत होती. ते काही मी विसरायची नाही.

मग पर्वतीच्या पायथ्याशी जनता वसाहतीत खोली घेतली. तिथल्या अंगणवाडीत माझ्याच आधारवर तुम्ही तिचं नाव लावलंत. झालं, एवढंच होतं ते!

पण खरं सांगायचंय ते दंडाचा घेर मोजायच्या पट्टीचं. लेक रडेल म्हणून तुम्ही ती आधी बाहुलीच्या हाताला गुंडाळलीत. मग तिच्या. पट्टी पिवळ्यावर थांबली, साडेबारा सेंटिमीटरच्या आत, म्हणजे पोषण कमी पडलेलं. खोलीत दहा-बारा बायका, त्यात माझी शेजारीण. तुम्ही गुपचूप त्या रंगावर अंगठा ठेवलात आणि मदतनीस मावशींना म्हणालात, ‘हिला वाटीभर जास्त वाढा.’ सगळ्या गेल्यावर दाराशी नेऊन मला समजावलंत: थोडं थोडं, दिवसातून पाचदा भरव, घाबरू नको. सासूबाई लेकीला अजून ‘बारकी’ म्हणतात, पण ‘कुपोषित’ हा शब्द चाळीत कुणी तिच्यामागे लावला नाही. दुसऱ्याची लाज झाकायचं कुठल्या प्रशिक्षणात शिकवतात हो?

बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी बोर्डीला शाळाच मुलांच्या अंगणात नेली, हे तुमच्याकडूनच ऐकलं. आमच्या गल्लीत अंगण कुठलं! गळका पत्रा, खाली बादली. मंडळाच्या पोरांना गाठून तुम्ही पत्रा बदलून घेतलात, अंगावर पाजणाऱ्यांसाठी कोपऱ्यात जुन्या लुगड्याचा पडदा लावलात. मखराचा रंग उरला होता त्यात भिंतीवर मोर काढून घेतलात. जांभळा मोर, कारण जांभळाच रंग उरला होता.

डिसेंबर २०२३ मध्ये तुम्ही सगळ्या संपावर गेलात तेव्हा गल्लीत कुरकुर झाली, ‘आता पोरं कोण सांभाळणार?’ म्हणजे तुम्ही सांभाळता हे तेव्हा कळलं! आणि मिळतं काय, तर मानधन. पगार म्हणायचीसुद्धा सोय नाही.

पट्टी हिरव्यावर आली त्या दिवशी मात्र तुम्ही अंगठा ठेवला नाहीत. लेकीचा हात उंच धरून अख्ख्या खोलीला दाखवलात.

गावाहून हरभरे आलेत. सोमवारी मावशींकडे देते, परत पाठवू नका.

तुमच्या बारकीची आई