मक्याचं तणनाशक देताना पावतीवर पीक लिहा

मा. संपादक,

मृग तोंडावर आला आहे. येत्या पंधरवड्यात आमच्या कागल तालुक्यातल्या कृषी सेवा केंद्रांपुढे आधी मक्याच्या बियाण्यासाठी आणि पाठोपाठ तणनाशकासाठी रांगा लागतील. त्याआधी हे पत्र छापून यावं, अशी विनंती आहे.

दूधगंगेच्या काठाला आमची सव्वादोन एकर जमीन आहे. मालक पंचतारांकित एमआयडीसीत पाळीवर असतात, शेती मी बघते. दीड एकर ऊस. उरलेल्या ३० गुंठ्यांत खरिपाला मका, त्यातला निम्मा कणसासाठी आणि निम्मा दोन म्हशींच्या वैरणीला.

दोन वर्षांपूर्वी मका अठरा दिवसांचा झाला होता. पाऊस उघडीप देईना, भांगलणीला, म्हणजे खुरपणीला, बाई मिळेना. केना आणि माठ ही तणं मक्याच्या वर निघाली होती. दुकानात गर्दी होती. मी “तणनाशक द्या” म्हणाले. दुकानदारानं एक बाटली पुढे केली आणि “पंपाला एक टोपण” एवढं सांगितलं. कुठल्या पिकात मारणार, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. आठ दिवसांत मक्याचा पोंगा पिवळा पडला, पानं जांभळट झाली, वाढ जागच्या जागी थांबली. भाचा कृषी पदवीधर आहे, त्यानं बाटली वाचली. ते इमॅझेथापायर होतं, सोयाबीन-भुईमुगात चालणारं. मक्याला ते मारक आहे. रान मोडून पुन्हा मकाच टोकायला मी निघाले होते, तेव्हा त्यानंच थांबवलं. हे औषध मातीत कित्येक महिने राहतं, दुसरा मकाही तसाच बसला असता. मग त्या रानात उशिरा भुईमूग टाकला आणि वर्षभर वैरण विकत घेतली. पावती अजून माझ्याकडे आहे. तिच्यावर “तणनाशक, नग १” इतकंच लिहिलेलं आहे.

निवडक तणनाशक म्हणजे पिकाला धक्का न लावता तण मारणारं औषध, हे मला त्या नुकसानीनंतर कळलं. ॲट्राझिन हे मक्यातलं तणनाशक घ्या. ते मक्याच्या अंगात गेलं की मका ते मोडून निकामी करतो. बऱ्याच तणांना ते जमत नाही, म्हणून त्यांचं अन्न तयार करण्याचं काम बंद पडतं. म्हणजे निवड औषध करत नाही, ती पिकाच्या पचवण्याच्या ताकदीवर होते. ॲट्राझिन मका पचवतो, पण त्यात आंतरपीक म्हणून लावलेलं सोयाबीन पचवू शकत नाही. सोयाबीनचं औषध मका पचवू शकत नाही. मधुमका लावणाऱ्यांनी तर आणखी जपावं, कारण त्याच्या काही जाती साध्या मक्याला चालणारी औषधंही सहन करत नाहीत.

गेल्या खरिपात मी पेरणीच्या दुसऱ्या दिवशी, वाफसा असताना ॲट्राझिन ५० टक्के पावडर एकरी ५०० ग्रॅमच्या हिशेबानं मारली. ओल होती तिथं रान स्वच्छ राहिलं. बांधाकडचा चढाचा पट्टा कोरडा होता, तिथं काहीच फरक पडला नाही. तिथं विसाव्या दिवशी, तण तीन-चार पानांवर असताना, टोप्रामेझोन हे मक्यात उगवलेल्या तणावर मारायचं औषध मारलं. चार-पाच दिवसांत माठ आणि गवत पांढरं फटक पडलं. सासूबाई बांधावरून ओरडल्या की आता मकाही गेला. पण मका हिरवागार होता.

खरी अडचण मापाची आहे. टोप्रामेझोन एकरी ३० मिली, सोबत त्याचं चिकटद्रव्य. १६ लिटरचे बारा पंप धरले तर पंपाला अडीच मिली होतं. टेंबोट्रिओन हे तसंच दुसरं औषध एकरी ११५ मिली, म्हणजे पंपाला साडेनऊ मिलीच्या आसपास. दोन्हींना दुकानात माप एकच सांगतात, “एक टोपण”. टोपण दहा मिलीचं असलं तर टोप्रामेझोन चौपट पडणार. मी जनावरांच्या दवाखान्यातून नवी, सुई नसलेली सिरिंज आणली आणि त्यानं मोजलं.

लव्हाळा आणि हरळी ही तणं मात्र ॲट्राझिननं जात नाहीत. लव्हाळ्यासाठी मक्यात हॅलोसल्फ्युरॉन हे वेगळं औषध आहे. माझ्याकडे लव्हाळा एका कोपऱ्यातच आहे, तो मी खुरप्यानं काढते. एवढ्यासाठी भांगलणाऱ्या दोघींना मी अजूनही बोलावते. तणनाशकानं त्यांची हजेरी कमी केली आहे, याची मला जाणीव आहे आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण जुलैच्या चिखलात पंधरा दिवस बाई मिळाली नाही तर मका तणाखाली जातो, हेही खरं आहे. पहिल्या दीड महिन्यातलं तणच पिकाला जास्त खातं.

एकरी किलोभर ॲट्राझिन टाकायचा सल्ला आमच्याकडे सर्रास मिळतो. ते करू नये, असं मला वाटतं. ते जमिनीत टिकतं, मक्यानंतर घेतलेल्या हरभऱ्याला किंवा भाजीला बाधू शकतं आणि पाण्याबरोबर खाली झिरपतं. भूजलात उतरतं म्हणून युरोपीय संघानं २००४ मध्ये ते बंद केलं. आमच्या रानापासून विहीर हाकेच्या अंतरावर आहे आणि तेच पाणी घरात प्यायला येतं.

कीटकनाशक कायदा १९६८ चा आहे आणि त्याखालच्या १९७१ च्या नियमांप्रमाणे औषधासोबतचं माहितीपत्रक हिंदी, इंग्रजीबरोबर इथल्या भाषेतही असायला हवं. ते असतंही, पण अक्षर इतकं बारीक की मोबाईलवर फोटो काढून मोठा केल्याशिवाय वाचता येत नाही, आणि सुटी बाटली घेताना ते हातातच येत नाही.

म्हणून जिल्हा कृषी विभागाकडे माझी मागणी आहे. तणनाशकाच्या प्रत्येक पावतीवर दुकानदारानं मराठीत चार गोष्टी लिहाव्यात: औषधाचं रासायनिक नाव, पीक, पीक किती दिवसांचं असताना मारायचं, आणि १६ लिटरच्या पंपाला किती मिली किंवा ग्रॅम. पाचवी ओळ, त्या रानात पुढं काय पेरू नये याची, लिहिता आली तर उत्तम. कोल्हापुरात कृषी महाविद्यालय आहे, अखिल भारतीय समन्वित मका प्रकल्पाचं केंद्रही आहे. तिथल्या जाणकारांनी मक्यापुरता एक तक्ता करून दिला, तर प्रत्येक दुकानाच्या भिंतीवर तो लावता येईल. आणि बाटलीबरोबर मिलीच्या खुणा असलेलं छोटं माप द्यावं. लहान मुलांच्या औषधाबरोबर ते मिळतं, तसंच. यंदाची पेरणी उरकण्याआधी निदान पावतीचं तरी सुरू करावं.

एक मका उत्पादक शेतकरी महिला,
ता. कागल, जि. कोल्हापूर