की-बोर्डला हात न लावणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

गेल्या गुरुवारी संध्याकाळी आपण माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसलात, त्याला आज आठवडा झाला. तोंडी आभार मानायला गेलो की शब्द फुटत नाहीत, म्हणून हे पत्र लिहितो आहे.

त्याआधीचे तीन दिवस माझ्या विंडोजच्या लॅपटॉपवर एक कंटेनर (प्रोग्राम चालवण्याची बंदिस्त, आतून लिनक्स असलेली चौकट) सुरू होताच बंद पडत होता आणि लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदींत, 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' (अशी फाइल किंवा फोल्डर नाही) हीच ओळ उमटत होती. एंट्रीपॉइंटची स्क्रिप्ट, म्हणजे कंटेनर सुरू होताच चालणारी आज्ञांची फाइल, तर इमेजमध्ये (ज्या साच्यातून कंटेनर बनतो त्यात) ढळढळीत दिसत होती. पहिल्या जाणकारांनी कंटेनर चालवणारा डॉकर डेस्कटॉप काढून पुन्हा बसवला. दुसऱ्यांनी बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये, शिरून व्हर्च्युअलायझेशन (कंटेनरना लागणारी सोय) तपासले. ते बंद असते तर बाकीचे कंटेनर चालले कसे असते, हा प्रश्न त्यांना शिवला नाही. दोघांनीही माझ्या हातातला माऊस आधी काढून घेतला होता. तिसऱ्यांनी 'माझ्याकडे तर चालतंय' एवढे जागेवरूनच ऐकवले.

आपण दोन्ही हात मांडीवर ठेवलेत. 'तुम्हीच टाइप करा, मला घाई नाही,' असे म्हणालात आणि फाइलमधला मजकूर दाखवणारी 'कॅट'ची साधी आज्ञा लिहिताना मी दोनदा चुकलो, तरी आपला हात की-बोर्डकडे आला नाही. पडद्यावर प्रत्येक ओळीच्या शेवटी टोपी घातलेला एम (^M) उभा राहिला, तेव्हाही उत्तर न सांगता 'पहिली ओळ कुठे संपते, बघा,' एवढेच आपण सुचवलेत.

तिथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. विंडोज ओळ संपवताना कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड अशी दोन चिन्हे, म्हणजे 13 आणि 10 हे संकेतांक, लिहिते. लिनक्सला 10 पुरते. गिटने (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाने) कोड उतरवून घेताना ते 13 गुपचूप चिकटवले होते आणि लिनक्स बिचारे शेपूट लागलेला 'बॅश' (पहिल्या ओळीत नाव दिलेला, स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) शोधत होते, जो कुठेच नव्हता. 'सापडत नाही' ही तक्रार बॅशबद्दलची होती आणि आम्ही सगळे स्क्रिप्टच्या मागे लागलो होतो! पुढची दुरुस्ती पाच मिनिटांची होती. गिटअ‍ॅट्रिब्यूट्स फाइलमधली, ओळी 10 वरच संपवायला गिटला सांगणारी ओळही आता सर्वांसाठी टाकून ठेवली आहे.

उठताना आपण सहज म्हणालात की, याच एका चिन्हापायी आपलेही कधीकाळी दोन दिवस वाया गेले होते. आपल्यापेक्षा निम्म्या अनुभवाच्या माणसांना असे काही कबूल करताना मी पाहिलेले नाही. ज्याला येते त्याने न येणाऱ्याला ओशाळे न करता बसून राहावे, हा सभ्यपणा आमच्या धंद्यात दुर्मीळ आहे आणि तो कोणत्याही प्रशिक्षणात शिकवला जात नाही.

त्या गडबडीत आपला चहा माझ्या टेबलावर तसाच निवला. तो एक चहा माझ्याकडे बाकी आहे.

आपला नम्र,
खिडकीजवळच्या टेबलावरचा सहकारी