शिकागोच्या घराबद्दल, आई-बाबांना

ती. बाबा आणि ती. आईस,
सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर घर घेतल्याचं सांगितलं, तेव्हा आई नुसतं "बरं झालं" म्हणाली आणि फोन बाबांकडे दिला. बाबांनी किंमत विचारली, मजला विचारला, आणि मग सांगलीत ऊन किती वाढलंय तेच सांगत राहिले. फोनवर मला मनातलं नीट बोलता येत नाही, तुम्हाला माहीत आहे. म्हणून लिहितेय. बाबांनी आईला मोठ्यानं वाचून दाखवावं आणि मधलं काही गाळू नये.

आई, आधी तुझं. घर घेतलं म्हणजे मी कायमची तिकडची झाले असं तुला वाटलं ना? परत यायचंच नाही असं मी ठरवलेलं नाही. पण दोन-चार वर्षांत येईन असं सांगून तुला खोट्या आशेवर ठेवणारही नाही. ग्रीन कार्डाची भारतीयांची रांग इतकी लांब आहे की माझा नंबर कधी लागेल हे कुणी सांगू शकत नाही. तोवर सामान अर्धं खोक्यांत ठेवून राहायचं, लीज संपत आली की वाढलेलं भाडं मुकाट्यानं भरायचं नाहीतर पुन्हा घर शोधायचं, हे मला आता नको झालं होतं. तुम्हाला इकडे बोलवायचं म्हटलं तरी एका खोलीत कुठे झोपवू, असा प्रश्न यायचा. आता तो येणार नाही.

आधी का विचारलं नाही म्हणता? बाबा, मी विचारलं असतं तर दुसऱ्याच दिवशी तुम्ही विश्रामबागच्या प्लॉटला गिऱ्हाईक बघायला लागला असता. दादाच्या वेळचं मी विसरलेले नाही. तो प्लॉट तुमच्या दोघांचा आहे, तुमच्या दुखण्याखुपण्याचा आहे. त्याला हात लावायचा नाही आणि ह्या विषयावर पुन्हा बोलायचंही नाही.

आता हिशोब, कारण बाबांना तो कळल्याशिवाय चैन पडणार नाही. दोन बेडरूमचा फ्लॅट, १ लाख ९० हजार डॉलर. शिकागोत तळ्याकाठच्या टॉवरमध्ये इतक्या पैशांत फार तर एक खोली आली असती. वीस टक्के मी साठवलेल्यातून भरले, म्हणजे कर्जावरचा जादा विमा भरावा लागत नाही. बाकीचं कर्ज तीस वर्षांचं, आणि व्याजाचा दर तीस वर्षं तोच राहतो, आपल्याकडच्यासारखा मधेच वाढत नाही. हप्ता, घरपट्टी आणि सोसायटीचा खर्च मिळून आजवरच्या भाड्याच्या आसपासच जातो. सोसायटीच्या पैशांत पाणी आणि हिवाळ्यातली हीटिंग दोन्ही आलं.

नोकरी गेली तर काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या मनात आहे. माझ्या व्हिसावर नोकरी गेली की दुसरी शोधायला ६० दिवस मिळतात. ते लक्षात ठेवूनच मी आधी बघितलं की इथे फ्लॅट भाड्यानं द्यायला सोसायटीची मनाई नाही. सहा महिन्यांचे हप्ते बँकेत वेगळे ठेवलेत. इलिनॉयमध्ये घरखरेदीला वकील घेण्याची पद्धत आहे आणि कराराची तपासणी करायला त्याला काही दिवस मिळतात. माझ्या वकीलबाईंनी सोसायटीचं बजेट, राखीव निधी, मीटिंगांची इतिवृत्तं, कोर्टात काही चालू आहे का, सगळं मागवून घेतलं. मी ती इतिवृत्तं रात्री बसून ओळ न् ओळ वाचली. छत नवीन आहे. विटांचं पॉइंटिंग पुढच्या वर्षी करायचंय आणि त्याचे पैसे आधीच बाजूला पडलेत, म्हणजे अचानक प्रत्येकाकडून हजारो डॉलर मागण्याची वेळ सहसा येणार नाही. बाबा, तुम्ही असतात तर हेच बघितलं असतंत.

आणि पाणी. ह्याच इमारतीत तळघरातला, खिडक्या जमिनीलगत असलेला एक फ्लॅट चाळीस हजारांनी स्वस्त होता. चांगला होता, नव्यानं केलेला होता. एजंट म्हणाली, हाच घ्या. मी त्याच्या भिंतीकडे बघत उभी राहिले आणि मला आपला गावभागातला जिना दिसला, २०१९ च्या पुराची खूण असलेला. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी ५७ फूट पाणी चढलेलं बघितलेली मुलगी जमिनीखाली झोपणार नाही, एवढं मला तिथेच कळलं. इकडे पावसाचं पाणी आणि सांडपाणी एकाच गटारातून जातं. मोठा पाऊस झाला की तळघरात उलटं वर येतं. माझा फ्लॅट त्या तळघराच्या वर, रस्त्यापासून आठ पायऱ्या. पायऱ्या रुंद आहेत, दोन्हीकडे कठडा आहे, आईचा गुडघा सांभाळून चढता येईल. लिफ्ट नाही हे खरं, पण तिची गरज पडेल इतकं वर चढायचंच नाही.

बाबा, तुमची उभी नोकरी पाटबंधाऱ्यात गेली, म्हणून हे खास तुमच्यासाठी. ह्या शहरानं आपली नदी उलटी फिरवलीये. पूर्वी शिकागो नदी सगळी घाण घेऊन मिशिगन सरोवरात जायची, आणि प्यायचं पाणीही त्याच सरोवरातलं. शेवटी २८ मैलांचा कालवा खणून १९०० साली प्रवाहच सरोवराकडून दुसऱ्या बाजूला वळवला. १९७५ पासून पुराचं पाणी साठवायला खडकात बोगदे खणले, १०९ मैलांचे, काही ठिकाणी ३०० फूट खोल. आमच्या वस्तीच्या पश्चिमेला ह्याच व्यवस्थेतला एक कालवा आहे, १९१० सालचा, आणि त्याच्या कडेनं चालायला वाट आहे. तुम्ही आलात की रोज सकाळी जाऊ. तुम्ही मला खांद्यावर बसवून पुलावर न्यायचात आणि पाणीपातळीच्या पट्टीवरचे आकडे वाचायला लावायचात. मी शाळेत जायच्या आधी चाळीस आणि पंचेचाळीस ओळखायला शिकले ते तिथेच. तुमच्याबरोबर कालवा बघायची मला फार हौस आहे.

गल्ली कशी आहे ते फोटोत कळत नाही. डेव्हन ॲव्हेन्यूच्या उत्तरेला, दोन्ही बाजूंना मोठी झाडं, तीन मजली विटांच्या इमारती. आमची १९२८ ची, इंग्रजी यू आकाराची, मधे अंगण. माणसं वर्षानुवर्षं इथे राहतायत. वरच्या आजी तर मी जन्मायच्या आधीपासून आहेत. त्यांनीच मला कुठली खिडकी हिवाळ्यात अडकते ते सांगितलं. आजूबाजूला ज्यू कुटुंबं बरीच आहेत. शनिवारी ती गाडी काढत नाहीत, मुलांना घेऊन चालत प्रार्थनेला जातात, त्यामुळे त्या दिवशी रस्ता आणखीच शांत असतो. आई, रात्री उशिरा बसमधून उतरून घरी चालत येताना मला भीती वाटत नाही. तू दर वेळी विचारतेस म्हणून सांगितलं.

आणि डेव्हन म्हणजे तुला घराबाहेर पडल्यासारखंच वाटणार नाही. चालत पंधरा मिनिटांवर मेथी, गवार, शेवग्याच्या शेंगा, ज्वारीचं पीठ. पटेल ब्रदर्सचं पहिलं दुकान ह्याच रस्त्यावर १९७४ साली निघालं. महाराष्ट्र मंडळ तर १९६९ पासून आहे. स्वयंपाकघरात गॅसची शेगडी आहे, विजेची नाही, तेव्हा भाकरी आचेवर फुगेल. देवघरासाठी पूर्वेची भिंत रिकामी ठेवलीये, खिळासुद्धा मारलेला नाही.

थंडीची काळजी करू नकोस. इमारतीचा एकच बॉयलर आहे आणि प्रत्येक खोलीत लोखंडी रेडिएटर. वाफ आली की ते सुसकारे टाकतात. पहिल्यांदा दचकशील, पण खोली छान उबदार होते. तुमची खोली मागच्या बाजूची, सकाळचं ऊन येणारी. गादी कडक घेतलीये, बाबांच्या कमरेसाठी. बाथरूममध्ये धरायच्या दांड्या ह्याच महिन्यात बसवून घेतेय.

तिकडेही बसवा. मी दादाला पैसे पाठवलेत, तो माणूस घेऊन येईल, त्याला "राहू दे" म्हणून परत पाठवायचं नाही. बाबांनी माळ्यावर चढायचं नाही, काहीही लागलं तरी. आईनं शुगरची गोळी उपासाच्या दिवशी स्वतःच्या मनानं बंद करायची नाही, डॉक्टरांना विचारायचं. मिरजेला डोळ्यांची तपासणी जूनमध्येच करून घ्या, पावसाळ्यानंतर नको. आणि ह्या वर्षी आयर्विनला ४० फूट झालं की घराला कुलूप लावून पुण्याला दादाकडे निघायचं. ४५ ची वाट बघायची नाही, "वरच्या मजल्यावर राहू" म्हणायचं नाही, कागदपत्रांची पेटी आत्ताच त्याच्याकडे नेऊन ठेवायची. मी रागावून लिहीत नाहीये, बाबा. पण रात्रभर फोन लागत नाही तेव्हा इथे माझं काय होतं ते मी तुम्हाला कधी सांगितलेलं नाही.

वास्तुशांत मी केलेली नाही. दूध उतू घातलं तेवढंच. चातुर्मासात नको असं आई म्हणणार, म्हणून गणपती आटोपून सप्टेंबरअखेर या. ऑक्टोबरात आमच्या गल्लीतली झाडं लाल-पिवळी झालेली बघा, आणि तुळशीचं लग्न झालं की पूजा करू. बाबांना पाटावर बसवत नाही, खुर्ची ठेवू, गुरुजींना मी आधी सांगेन. विमानतळावर व्हीलचेअर सांगितलेली असेल, ती घ्यायची, लाजायचं नाही. तुमचा इथला विमा मी काढते.

भडंग आणा, घरचं, वाण्याकडचं नको. आईचा पासपोर्ट कधी संपतो ते आज बघा आणि दादाला फोटो पाठवायला सांगा, म्हणजे मी तिकिटं काढते.

तुमची,
चिमी