पांढऱ्या क्रॅकल ग्लेझची पावडर वितळत नसल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : राकूसाठी घेतलेली ग्लेझची १० किलोची पिशवी सदोष निघाल्याबाबत.

महोदय,

सोलापुरात माझा मातीकामाचा छोटा स्टुडिओ आहे. राकूसाठी, म्हणजे लालबुंद भांडी भट्टीतून काढून धुरात गार करण्याच्या पद्धतीसाठी, मी बरीच वर्षं तुमचंच पांढरं क्रॅकल ग्लेझ (वितळून भांड्यावर बारीक तड्यांचा काचेसारखा थर देणारा लेप) वापरते. या वेळी आलेली पावडर पिशवीवर छापलेल्या ९५० अंशांना वितळतच नाही. फोन केला तर तुमच्याकडून उत्तर आलं, "मॅडम, भट्टी नीट तापली नसेल, नाहीतर तुमच्याकडचं पाणी जड असेल." हे मला मान्य नाही.

जुन्या पिशवीतली थोडी पावडर शिल्लक होती. जुनी आणि नवी पावडर एकाच पाण्यात कालवली, ८० मेशच्या बारीक चाळणीतून गाळली, एकाच मातीच्या, एकदा भाजलेल्या (बिस्क) दोन टाइलवर सारख्याच जाडीने लावली आणि दोन्ही टाइल गॅसभट्टीत शेजारी शेजारी ठेवल्या. झरोक्यातून पाहिलं तेव्हा जुन्या ग्लेझवर ओली चकाकी आली होती. नवं मात्र भिंतीच्या चुन्यासारखं कोरडं. लालबुंद टाइल चिमट्याने काढून भुशाच्या डब्यात झाकल्या. एरवी गार होताना ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसतं, त्याला तडे जातात आणि धूर तेवढ्याच तड्यांत शिरतो. जुन्या टाइलवर तसं काळ्या रेघांचं जाळं सुरेख उमटलं. नव्या ग्लेझची काचच झाली नव्हती, म्हणून धूर सगळीकडे मुरला आणि टाइल मळकट राखाडी झाली. नखाने खरवडलं तर भुकटी निघाली.

मग नव्या पावडरीत माझ्याकडचं अल्कली-बोरॉन फ्रिट (ग्लेझ लवकर वितळावं म्हणून घालतात ती काचेची भुकटी) शंभराला पंधरा या प्रमाणात घातलं. त्याच भट्टीत, त्याच तापमानाला ती व्यवस्थित वितळली. याचा अर्थ उघड आहे : तुमच्या मिश्रणात फ्रिट कमी पडलंय, किंवा तुम्ही न कळवता ते बदललंय.

इथल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास प्रदर्शनात मांडायची भांडी याच ग्लेझमुळे वाया गेली. पुन्हा भाजली तेव्हा काळपटपणा जळून गेला, पण पृष्ठभाग खरखरीतच राहिला आणि काही भांडी तडकली.

त्याहून मोठी काळजी वेगळी आहे. माझ्याकडे शाळकरी मुलं शिकायला येतात. मी त्यांना मास्क लावायला लावतेच, पण फ्रिट बदललं असेल तर त्यात शिसं आहे का, हे मला लेखी कळलंच पाहिजे. तोवर ही पिशवी मी मुलांच्या हाती देणार नाही.

पिशवीचे पूर्ण पैसे परत करा आणि घटकांचं माहितीपत्रक पाठवा. पिशवीवर बॅच क्रमांकच नाही. तो यापुढे छापा, आणि हाच माल घेतलेल्या इतर कुंभारांनाही कळवा. त्यांचीही मेहनत भट्टीत जाते आहे. दोन्ही टाइलचे फोटो आणि बिलाची प्रत सोबत जोडली आहे. टाइल हव्या असतील तर त्याही पाठवते.

१५ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार मी सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करेन. ग्राहक राहतो तिथेही ती करता येते.

आपली,
एक ग्राहक, सोलापूर